पहिलं ताट

शांती नगर, मीरा रोड
१९ डिसेंबर २०२५

प्रिय कृतिका,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील तर आधी घोटभर पाणी पी. वाईट बातमी नाही. आपले नवरे वर बर्फात असताना आपण दोघी एकमेकींना पत्रं लिहायचो, तेव्हापासून पत्र म्हटलं की छातीत धस्स व्हायची सवयच लागली आहे. पण करू काय? तू माझा फोन उचलत नाहीस. आणि खरं सांगू, माझा मोबाइल आता माझा राहिलेलाच नाही. भावेशभाईंच्या ऑफिसातली पोरं तो दिवसभर घेऊन बसतात, प्रचाराचे सगळे ग्रुप त्यावर चालतात.

कसला प्रचार विचारशील. ह्यांना तिकीट मिळतंय! हो, आपल्या धनेश तांडेलना. राहतो आम्ही शांती नगरला, पण उभे राहतायत डोंगरीच्या बाजूने, आपल्या गावातून. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी महापालिकेचं मतदान. भावेशभाई पक्षाचे इथले मोठे. स्वतः घरी येऊन म्हणाले, "भाभी, बिल्डर के साले को तो सब जानते हैं. लेकिन पब्लिक को हीरो चाहिए. फौजी की बात ही अलग है." हे खुर्चीत गप्प. तुला माहीतच आहे, चारचौघांत बोलायचं म्हटलं की ह्यांच्या घशात काटा अडकतो. त्यामुळे सगळं मलाच बघावं लागतंय, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा पण येतेय.

आता कामाचं. दहा जानेवारीला डोंगरीच्या मैदानात मोठी सभा आहे. तू यायचंस. स्टेजवर फक्त एवढंच बोलायचं की, माझे मिस्टर जयकुमार आणि धनेश तांडेल एकाच पाड्यातले, एकाच भरतीत फौजेत गेले, लेहच्या पुढे एकाच युनिटमध्ये होते. जयकुमार देशासाठी बर्फात गेले, आणि धनेशदादा आज तुमच्यासमोर उभे आहेत. बस. भाषण लिहून देईन. गाडी पाठवते, श्रीवर्धनहून आरामात येशील. तुझ्या सासूबाईंना, म्हणजे कृष्णाबाई मावशींना, स्टेजवर कसं आणायचं ते मी बघते.

आठ वर्षांत तू डोंगरीला फिरकली नाहीस. ह्या निमित्ताने ये. पाड्यातली माणसं तुझी आठवण काढतात. तू नाही म्हणणार नाहीस हे धरूनच चालले आहे.

तुझी,
हेमांगी वहिनी

•

श्रीवर्धन
२४ डिसेंबर २०२५

सौ. हेमांगी तांडेल यांना,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी माझ्या मामेबहिणीने, सुरुचीने, डोंगरीच्या बसस्टॉपवरच्या बॅनरचा फोटो पाठवला. म्हणजे तुम्ही माझी परवानगी मागत होतात तेव्हा बॅनर टांगूनही झाला होता.

फोटो मोठा करकरून बघितला. धनेशदादा हातात बंदूक घेऊन उभे आहेत, मागे बर्फाचा डोंगर, वर विमान. सतरा वर्षं ज्यांनी गाड्यांची इंजिनं खोलली आणि जोडली, ते दादा हेच का, असा मला प्रश्न पडला. इंजिन दुरुस्त करण्यात कमीपणा नाही. तिथल्या थंडीत गाडी चालू राहिली नाही तर माणसं मरतात, हे मला जयने सांगितलेलं आहे. मग स्पॅनर छापायला लाज का वाटली?

खाली लिहिलंय, 'शौर्यपदक विजेते'. वहिनी, ते पदक त्या उंचीवर नेमणूक झालेल्या प्रत्येकाला मिळतं. जयचंही आहे, माझ्या कपाटात. शौर्याचं पदक वेगळं असतं. हे फौजीच्या बायकोला माहीत नाही असं मी मानायचं का?

आणि त्याच्याखाली, 'हिमस्खलनात झेप घेऊन साथीदारांचे प्राण वाचवणारा वीर'. कुणाचे प्राण वाचवले? माझा नवरा तर पेटीतून आला. दादा खालच्या वर्कशॉपमधून धावत गेले, बाकीच्यांबरोबर बर्फ उपसला, जयला बाहेर काढलं आणि घरापर्यंत घेऊन आले. त्याबद्दल मी त्यांचे पाय धरीन. पण जिवंत कुणीच निघालं नव्हतं.

कोपऱ्यात जयचा फोटो आहे, 'अमर शहीद' म्हणून. तो फोटो मी फक्त तुम्हाला दिला होता. आणि हे भावेशभाई तेच ना, ज्यांच्याकडे पाड्यातली माणसं चौकाला जयचं नाव द्या म्हणून गेली होती? तेव्हा ते म्हणाले होते, "गोली से थोड़ी ना मरा है, बर्फ में दब गया." मी दाराबाहेर उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. आता मतं हवीत तर बर्फसुद्धा चालतो.

मी येणार नाही. आईंना स्टेजवर नेऊ नका. त्या भोळ्या आहेत, कुणी गोड बोललं की हो म्हणतात. बॅनरवरून जयचा फोटो आणि ते पदक उतरवा. नाहीतर जयचं पदक आणि दादांचं पदक शेजारी शेजारी ठेवून मी फेसबुकवर टाकीन, आणि लोकांनाच सांगेन की बघा, दोन्ही एकच आहेत.

कृतिका मेहेर

•

शांती नगर
२८ डिसेंबर

कृतिका,

मला एकदम 'सौ. हेमांगी तांडेल' केलंस! 'तू'ची 'तुम्ही' झाले. बरं.

टाक फेसबुकवर. जरूर टाक. समोरचा उमेदवार, तो बिल्डरचा मेहुणा, तुला हार घालील. त्याने आयुष्यात कांदळवनात भराव टाकण्यापलीकडे काही केलेलं नाही, पण त्याला कुणी विचारत नाही की तू कोण, कुठला, तुझी पात्रता काय. त्याच्या बॅनरवर 'कार्यसम्राट' लिहिलंय. कसलं कार्य आणि कसला सम्राट? पण ते चालतं. माझ्या नवऱ्याच्या नावापुढे दोन शब्द लागले की सगळ्या जगाला खरेपणाचा पुळका येतो.

तू म्हणतेस वीर कशाला. मग कुणाला म्हणायचं? मरेल त्यालाच? तुला राग येईल, पण विचारते. जय गेला, त्याला मान मिळायलाच हवा होता आणि नाही मिळाला. पण जो तिथे सतरा वर्षं राहिला आणि जिवंत आला, त्याने काय गुन्हा केला? गुडघे गेले, एक कान गेला, पोरगं बापाला काका म्हणायचं. मी घोडबंदरला माहेरी राहून, भावजयांची तोंडं बघत दिवस काढले. त्यातलं काहीच बॅनरवर लिहिता येत नाही म्हणून बंदूक छापली. पदकाचं मीच भावेशभाईंना सांगितलं, हो. कपाटातलं काढून दाखवलं आणि म्हटलं, हे शौर्याचं आहे. मला तरी ते तसंच वाटतं.

आणि एक सांगते, जे आजवर कुणाला सांगितलं नाही. हे रिटायर होऊन आले तो दिवस. तू तोवर श्रीवर्धनला निघून गेली होतीस. मी घोडबंदरहून पाड्यात आले, ह्यांच्या घराच्या दारात रांगोळी काढली, नवी साडी नेसले, ताट तयार केलं. निरांजन, कुंकू, सुपारी, सगळं. बँडवाले पण सांगितले होते. पाड्यातल्या बायका जमल्या, पण एकीच्याही हातात ताट नाही. नुसत्या उभ्या. मला वाटलं जळतायत. आणि हे आले ते बसमधून उतरून पुढच्या रस्त्याने आलेच नाहीत. खाडीच्या बाजूने, मासळी सुकवतात तिथून, मागच्या मागे सरळ तुझ्या सासूच्या ओट्यावर जाऊन बसले. बॅग पायाशी. मी निरोप पाठवला, उठले नाहीत. मावशी दारात उभ्या, हे ओट्यावर. बऱ्याच वेळाने मावशी एवढंच म्हणाल्या, "आजून न्हाय रे." हे उठले, घरी आले आणि मला म्हणाले, "ताट ठेव आत." बँडवाले न वाजवता गेले. त्याच आठवड्यात आम्ही शांती नगरच्या फ्लॅटमध्ये आलो.

नवरा सतरा वर्षांनी घरी आला आणि मला त्याला ओवाळू दिलं नाही. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर गप्प. मग आता सगळं गाव त्यांना ओवाळील तर तुझ्या पोटात का दुखतं?

आणि मावशींना कुणी फसवलेलं नाही. भावेशभाईंची माणसं फक्त विचारायला गेली होती. वीरमाता म्हणून स्टेजवर याल का, धनेशचं औक्षण कराल का? त्यांना वाटलं म्हातारी वेळ घेईल. ती लगेच म्हणाली, "येतंय." स्वतःहून म्हणाली, ताट माझ्याच घरचं आणीन.

हेमांगी

•

श्रीवर्धन
१ जानेवारी २०२६

वहिनी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग जमिनीवर बसून पुन्हा वाचलं. त्या दिवसाचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या की धनेश येऊन गेला.

तुला खरंच माहीत नाही? घोडबंदरला तुमच्याकडे शेती आणि मिठागरं. पाड्यात तू सलग महिनाभरही राहिली नाहीस. तुला कुणी सांगितलं नसेल, कारण पाड्यात ही गोष्ट सांगायची नसते, बघून कळते. माझं लग्न झालं त्याच वर्षी वादळ झालं म्हणून मला कळली.

वादळातून होड्या परत येतात तेव्हा आपल्या पाड्यात बायका ताटं घेऊन धावत नाहीत. सगळ्या होड्या आल्या की नाही ते आधी बघतात. एखादी आली नसेल, तर त्या घरच्या बाईने पहिलं ताट उचलेपर्यंत दुसरी कुणी आपल्या माणसाला ओवाळत नाही. तिने महिन्याने उचललं तर महिन्याने, वर्षाने उचललं तर वर्षाने. तिच्यावर कुणी जबरदस्ती करत नाही, तिला कुणी आठवणही करून देत नाही. परत आलेला माणूस फक्त एकदा तिच्या ओट्यावर जाऊन बसतो. मी आलोय, एवढंच सांगायला.

जय आणि दादा एकाच भरतीत गेले. पाड्याच्या हिशेबाने एकाच होडीतले. बायका जळत नव्हत्या, वहिनी. त्या आईंची वाट बघत होत्या. दादा तुझ्यावर रागावले नव्हते. आईंनी ताट उचललं नव्हतं म्हणून त्यांनी तुझं ताट आत ठेवायला सांगितलं, आणि इतकी वर्षं ते कुणाच्याच हातून ओवाळून न घेता राहिलेत. भाऊबीजेला पण ते बहिणीकडे जात नाहीत, हे तूच मला एकदा हसत सांगितलं होतंस.

मी त्यांच्याबद्दल काय काय बोलले! हे वाचल्यावर मला कळेना की मी कुणावर रागावले आहे. जो माणूस असा मागच्या वाटेने येतो, तो बंदूक घेऊन बसस्टॉपवर टांगून कसा घेतो? एकतर हा तो माणूस राहिला नाही, किंवा त्याला अर्ध्या गोष्टी माहीत नाहीत.

आणि आई हो का म्हणाल्या ते मला कळत नाही, त्याचीच भीती वाटते. पहिलं ताट उचलण्याचा मान त्यांचा आणि माझा. तो भावेशभाईंच्या स्टेजवर, माइक लावून, मतांसाठी उचलायचा? वीरमाता म्हणून त्यांच्या गळ्यात पक्षाचा पट्टा घालतील आणि व्हिडिओ फिरवतील. आठ वर्षं त्यांनी जे कुणाला मागू दिलं नाही ते एका संध्याकाळी फुकट जाईल.

हे पत्र दादांना वाचायला दे. आज, लगेच. नऊ तारखेपर्यंत सभेतलं औक्षण रद्द झालं नाही तर पदकांचे फोटो मी टाकणार. मग जे होईल ते होवो.

कृतिका

•

श्रीवर्धन
६ जानेवारी

धनेशदादांस,
कृष्णाबाई मेहेर यांच्या घरी, डोंगरी

वहिनींकडून काहीच उत्तर नाही. सुरुची म्हणते बॅनर आहे तिथेच आहे, वर आणखी दोन लागलेत. मी लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही असं मला वाटतं, म्हणून हे आईंच्या पत्त्यावर टाकते. तुम्ही आठवड्याला त्यांचं औषध घेऊन जाता हे मला ठाऊक आहे.

दादा, जयचा फोटो वापरायला मी कधीच होकार दिलेला नाही. बाकी काही लिहीत नाही. तुम्ही त्या ओट्यावर बसला होतात हे मला आत्ता कळलं. जो तिथे बसला त्याने दहा तारखेला काय करायचं ते त्यानेच ठरवावं.

कृतिका

•

शांती नगर
११ जानेवारी २०२६

कृतिका,

काल सभा झाली. तू फेसबुकवर काही टाकलं नाहीस ते मी मुलाच्या फोनवर दर तासाला बघत होते. का थांबलीस ते माहीत नाही, पण आता सगळं सरळ लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहायला घेणार नाही.

तुझं एक तारखेचं पत्र मी ह्यांना दिलं नाही. वाचलं आणि कपड्यांच्या घडीत ठेवलं. आणि तुझा होकार आहे असं मी ह्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. बॅनर बघून हे पहिल्याच दिवशी म्हणाले होते, जयचा फोटो काढा, कृतिकाला विचारल्याशिवाय नको. मी म्हटलं, तिने स्वतः पाठवलाय. मग ऐकलं. पदकावरून भावेशभाईंशी वाद घातला, पण ते म्हणाले, "इलेक्शन में इतना चलता है," आणि फॉर्म भरून झाला होता. तेवढी ह्यांचीही चूक आहेच, मी झाकत नाही.

तुझ्या पत्राने माझी झोप उडाली होती. तरी दिलं नाही. मला वाटलं, इतकी वर्षं थांबले, आता सगळं गाव टाळ्या वाजवणार आहे, माझ्या नवऱ्याला ओवाळणार आहे, आणि हे बघायचं सोडून मी तुझं ऐकू? मला ती संध्याकाळ हवी होती. बस, हवी होती.

काल सकाळी हे पाड्यात गेले ते दुपारी आले. तुझं दुसरं पत्र त्यांना मावशींकडे मिळालं होतं, हे मला नंतर कळलं. इस्त्रीची वर्दी घातली, पदक लावलं, गाडीत बसले. मी विचारलं, जेवलात का? म्हणाले, "आल्यावर जेवीन."

मैदान भरलं होतं. ढोल, फटाके, 'देश का वीर, धनेश का तीर' असलं कायतरी पोरं ओरडत होती. मावशींना पोरांनी हाताला धरून स्टेजवर आणलं. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली. हातात घरचं पितळी ताट, इतकं घासलेलं की त्यात लाइट चमकत होती. भावेशभाईंनी माइकवर सुरू केलं, "वीरमाता अपने वीर सपूत को…" कॅमेरे पुढे आले. कुणीतरी काडी ओढून निरांजन लावायला गेलं.

ह्यांनी त्याचा हात धरला. धरून काडी विझवली. मग माइक घेतला. ह्यांना माइकवर बोलताना मी जन्मात बघितलं नव्हतं.

छातीवरचं पदक काढून हातात धरलं आणि म्हणाले, "हे शौर्याचं न्हाय. वर बर्फात राहिला त्या सगल्यांना हे भेटतं. माझा मित्र जयकुमार, त्याच्याकडं पन हाय. बॅनरवर लिवलंय मी मानसं वाचवली. मी कुनाला वाचवलेलं न्हाय. मी गाड्या दुरुस्त करत होतो. त्याला बाहेर काढला तवा तो गेला होता." मग म्हणाले, "मला मत द्यायचं तर मासली बाजाराला छप्पर पायजेल म्हणून द्या, पाड्यात पानी पायजेल म्हणून द्या. जमलं न्हाय तर शिव्या द्या. जयच्या नावावर नको. तो कुनाला मत मागायला आलेला न्हाय."

भावेशभाई दातओठ खात हसत होते. माइक काढून घ्यायला एक पोरगा पुढे आला, तोवर ह्यांनी तो खालीच ठेवला होता. मावशींसमोर वाकले आणि म्हणाले, "मावशे, हितं न्हाय. घरी चल." मला वाटलं मावशींना वाईट वाटेल. पण म्हातारी हसली गं! म्हणाली, "मी घरीच उचलनार हुती. तू येत न्हवतास म्हनून हितं आली. दर आठवड्याला औषध ठेवून पळतो. ओट्यावर बसशील तर उचलीन ना."

तेवढ्यासाठी हो म्हणाल्या होत्या, कृतिका. तुला वाटलं फसवलं, मला वाटलं मान हवाय. त्यांना फक्त हे जागेवर थांबायला हवे होते.

आम्ही तिघं स्टेजच्या मागून उतरलो आणि रिक्षाने पाड्यात आलो. मागे कुणीतरी शिट्ट्या मारल्या, कुणी टाळ्याही वाजवल्या, मी वळून बघितलं नाही. हे ओट्यावर बसले, तसेच, त्या दिवशीसारखे. शेजारच्या बायका एकेक करून दारात आल्या. मावशींनी निरांजन लावलं आणि मला म्हणाल्या, "कृतिकाला फोन लाव. तिचा पन हात लागला पायजे."

मी लावला. माझा मोबाइल काल पहिल्यांदा माझ्या हातात होता. वाजत राहिला. तू उचलला नाहीस. मी म्हटलं, मावशी, ती माझा नंबर बघून उचलत नाही. पुन्हा लावू? मावशी म्हणाल्या, "लाव. आनि वाजू दे. तिला आयकू जातंय." फोन ओट्यावर ठेवला, तो वाजतोय, आणि त्या वाजण्यातच त्यांनी ताट उचललं.

हे रडले. मावशी नाही रडल्या. ओवाळून झाल्यावर ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे गो. तुझं लय दिवस राह्यलंय." खाडीच्या वाऱ्याने ज्योत हलत होती, शेजारच्या दुर्गाने हाताचा आडोसा धरला. मी माझ्या नवऱ्याला ओवाळलं. सहा वर्षं उशिरा, नव्या साडीत नाही, बँड नाही, सभेतल्या धुळीने माखलेल्या पायांनी. मग दारादारांतून बायका ताटं घेऊन आल्या.

भावेशभाईंचा रात्री मेसेज आला की पक्ष आता ह्या प्रभागात प्रचाराला हात लावणार नाही. बॅनर आज सकाळी ह्यांनीच शिडी लावून उतरवला. जयचा फोटो कापून वेगळा काढून ठेवलाय, तुझ्याशिवाय कुणाला देणार नाही.

मी तुझ्याशी खोटं वागले. माफ कर असं लिहायला जीभ वळत नाही, पण तू समज.

हेमांगी

•

श्रीवर्धन
१८ जानेवारी २०२६

प्रिय वहिनी,

निकाल सुरुचीने कळवला. दादा पडले आणि कार्यसम्राट निवडून आले. पाड्यातल्या पेटीत मात्र दादांना भरभरून मतं पडली असं ती म्हणते. बंदुकीच्या फोटोशिवाय पडली, हे मला बरं वाटलं. तुला वाईट वाटत असणार, ते मी नाही म्हणत नाही.

तू विचारलंस, सतरा वर्षं राहून जिवंत आलेल्याने काय गुन्हा केला. त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं, कारण माझ्याकडे नव्हतं. खरं सांगते, दादा जिवंत आले याचाच मला राग होता. बॅनर नुसतं निमित्त झालं. वीर म्हटलं असतं किंवा नसतं म्हटलं, मी कशावर तरी भांडलेच असते. ते परत आले आणि जय आला नाही, एवढंच माझं भांडण होतं. आठ वर्षं मी डोंगरीला आले नाही ती कधीतरी दादा जिवंत समोर दिसतील म्हणून.

दादांवर सोडलं होतं म्हणून नऊ तारीख मी जाऊ दिली, पण दहा तारखेला संध्याकाळी फेसबुक उघडून बसले होते. दोन्ही पदकांचे फोटो तयार होते. तेवढ्यात तुझा फोन वाजला. मला वाटलं, विनवण्या करणार. उचलला नाही. थांबला आणि परत वाजायला लागला. मग मी तो हातात घेतला. कापायला बोट पुढे केलं, पण का कुणास ठाऊक, कापला नाही. वाजत होता तेवढा वेळ दोन्ही हातांत धरून नुसती उभी राहिले. तो थांबल्यावर फोटो पुसून टाकले.

आईंना सांग, ऐकू आलं.

शिमग्याला येतेय. गाडी पाठवू नकोस, बसने येईन. ताट तुझंच काढ, ते तेव्हा आत ठेवलेलं, आणि चिंचेने घासून ठेव. दादांना म्हणावं, ह्या खेपेला मागच्या वाटेने जायचं नाही, आईंच्या ओट्यावर बसून राहायचं. मला त्यांना ओवाळायचं आहे. वीर आहेत म्हणून नाही. आले म्हणून.

तुझी,
कृतिका